डावं अंग ह्यांचं, उजवं आनंदाचं

आमच्या कारखान्यातली पहिली सेलवरची पिचकारी मी चालवली तेव्हा पाणी समोर गेलंच नाही. ते माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं आणि तिथून पदरावर सांडलं. मी घोडा दाबला, आतली मोटार गुरगुरली, नळीतून दोन-तीन चिळकांड्या कशाबशा हातभर लांब पडल्या. मग मोटार एकदा खोकली, पुन्हा खोकली आणि गप्प झाली.

"गेली बिचारी," हौसाबाई म्हणाली. ती माझ्या जुळणीच्या टेबलावर स्क्रू मारायचं काम करायची आणि कुठल्याही गोष्टीचा वाईट शेवट तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा.

डावीकडच्या मिलिंग मशीनमागून आमचे हे पुढं आले. ह्यांचं नाव विलास, पण ते मी उखाण्याखेरीज घेत नाही, म्हणून इथंही 'हे'च म्हणते. उजवीकडच्या ग्राइंडरमागून माझा धाकटा भाऊ आनंदा आला. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं उभे राहिले, दोघांनी पिचकारीच्या दोन अंगांमधल्या सांध्याकडे बघितलं आणि दोघेही माझ्याशी बोलायला लागले.

"तुझ्या भावाला सांग, उजव्या अंगाची खाच रुंद झालीया."

"अक्का, दाजींना म्हणावं, खाच ड्रॉइंगबरहुकूम हाय. डाव्या अंगाची जीभच बारीक हाय."

"त्येला म्हणावं, जीभ कुणाची लांब हाय ते समद्या शिरोलीला ठाऊक हाय."

"अवो, तुम्ही दोघंबी इथंच हाय की," मी म्हटलं. "एकमेकांचं ऐकू येतंय नव्हं?"

दोघांनीही ते ऐकलं नाही. हे मिलिंगकडे गेले, आनंदा ग्राइंडरकडे गेला आणि मी ओला पदर पिळत मधे बसून राहिले.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची पत्र्याची शेड होती. साचे आम्हीच कापायचो आणि त्यातून प्लास्टिकचा माल आम्हीच काढायचो. बादलीच्या मुठी, उदबत्तीची घरं, दुधाच्या किटलीची टोपणं, असलाच माल. कारखान्याचं नाव 'शालन प्लास्टिक'. शालन म्हणजे मी. नाव ठेवताना ह्यांचं आणि आनंदाचं दुसऱ्या कुठल्याच नावावर एकमत झालं नव्हतं, म्हणून शेवटी माझं दिलं. पुढं ते दोघं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमतानं राहिले.

आनंदा तसा माझ्या पाठचा, पण आई लवकर गेली आणि त्याला मीच वाढवला. माझं लग्न झालं तेव्हा तो शाळेत होता. वडिलांना एकट्यानं सांभाळणं जमेना, म्हणून तो माझ्याबरोबरच सासरी आला. 'शालनच्या रुखवतात लाडू, करंज्या आणि एक मेहुणा आला,' असं सासरची माणसं चेष्टेनं म्हणायची. ह्यांनी मात्र कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याच्या हातात कानस ह्यांनी दिली, लोखंड घासायला ह्यांनी शिकवलं, पहिल्यांदा बोट कापलं तेव्हा दवाखान्यात पाठीवर टाकून ह्यांनीच नेलं. अशी ती जोडी, आणि फुटली कशावरून, तर झेंडूच्या हारावरून.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. त्या वर्षी मी एकच लांबलचक हार आणला होता आणि ह्यांना म्हटलं, सगळ्या मशीनला पुरवा. ह्यांनी ब्लेडनं हार तोडला. मोठा तुकडा मिलिंग मशीनला गेला. आनंदा चालवायचा त्या मोल्डिंग मशीनला जो उरला तो पुढून मागं पोचेना. आनंदानं तो काळ्या चिकटपट्टीनं जोडून बसवला आणि म्हणाला, "दाजी, हार घातलाय का जखमेला पट्टी बांधलीया?" हे म्हणाले, "मिलिंग मशीन मोठं हाय, मान मोठा. तुझं तेवढंच हाय." 'तुझं' हा शब्द त्या दिवसापर्यंत आमच्या शेडमध्ये कुणी उच्चारला नव्हता. आरती होईपर्यंत 'तुझं' आणि 'माझं' कापूर पेटावा तसं पेटलं, आणि प्रसाद वाटायच्या आत शेडची वाटणी झालेली होती. प्लास्टिकचा माल काढायची मोल्डिंगची मशीनं दोन होती, ती एकेक घेतली. साचे कापायचं मिलिंग ह्यांच्याकडे, घासायचं ग्राइंडर आनंदाकडे. कॉम्प्रेसर एकच होता, तो फोडता येईना म्हणून माझ्या टेबलाशेजारी मधे ठेवला. थोडक्यात, वारा आणि मी दोघांत सामाईक राहिलो.

तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलायचे. मला वाटलं, दिवाळीला मिटेल. दिवाळीला आनंदा फराळाला आला, ह्यांच्या शेजारी बसला आणि मला म्हणाला, "अक्का, दाजींना चिवडा सरकव की." चिवडा त्याच्याच मांडीजवळ होता.

दिवाळी झाल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की सिल्वासाला त्याचा एक मित्र आहे, त्याच्या शेडमध्ये जागा आहे, आणि तो मशीन घेऊन तिकडं जाणार आहे. "ही पिचकारीची ऑर्डर लागली तर हितं राहायला काय तरी अर्थ हाय," तो म्हणाला. "न्हाई तर ट्रक बोलावतो. रोज उठून हे असं किती दिवस चालायचं?" मी ते ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे, जाणाऱ्याला कोण अडवतंय?" आणि पुढ्यातलं ताट अर्धवट ठेवून उठले. मी ते झाकून ठेवलं. सिल्वासा कुठं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. एवढं कळत होतं की तिथून माणूस चहाला येत नाही.

तर ही पिचकारी. ती मागितली होती ओसवालशेठनी. खेळण्यांचे मोठे व्यापारी, पिढ्यानपिढ्या कोल्हापुरातच वाढलेले. त्यांनी पाण्याची एक परदेशी बंदूक आणून माझ्या टेबलावर ठेवली होती. "ताई, असली सेलवर चालणारी पिचकारी रंगपंचमीला हितंच तयार झाली पायजे. आपली पोरं घोडा दाबून दाबून दमतात. हितं नुसतं बोट ठेवायचं, धार आपोआप." मी ती बंदूक स्क्रू काढून उघडली. दोघंही बघायला आले आणि दोघंही मलाच शिकवायला लागले.

"तुझ्या भावाला सांग," हे म्हणाले, "मोटार फिरती गोल. पण पाण्याला गोल फिरून काय उपयोग न्हाई, त्येला मागनं रट्टा पायजे. म्हणून ही बारकी चाकी मोठ्या चाकीला लावलीया. वेग कमी हुतो, जोर वाढतो."

"दाजींना म्हणावं, मोठ्या चाकीच्या कडंला हा दांडा बसवलाय ते इसरू नका. चाकी फिरली की दांडा म्होरं-मागं. त्येच्या टोकाला दट्ट्या. मागं आला की टाकीतलं पाणी ओढतो, म्होरं गेला की नळीतनं हाणतो."

"आणि ही दोन रबरी पडदं कशाला, ते त्येला ठाऊक हाय का इचार."

"पाणी उलटं फिरू नये म्हणून. दाजींनीच शिकवलंय म्हणावं, फवारणीच्या पंपात."

ह्यांनी रबरी पडदा बोटानं उचलून बघितला. मला वाटलं, आता हसणार. पण ते म्हणाले, "त्येला म्हणावं, ध्येनात हाय ते बरं हाय," आणि निघून गेले.

पिचकारीचं कवच दोन अंगांचं असतं, डावं आणि उजवं. शेंगदाण्याच्या टरफलासारखं. दोन्ही अंगं एका हातानं करायची असतात हे कुणालाही कळेल. पण आमच्याकडे अख्खी पिचकारी कुणी करायची यावरून आठवडा गेला आणि शेवटी तिचीही वाटणी झाली. डावं अंग ह्यांचं, उजवं आनंदाचं. डाव्या अंगाच्या कडेला एक उभी पट्टी, तिला जीभ म्हणतात. उजव्या अंगाच्या कडेला तिच्यासाठी खाच. जीभ खाचेत घट्ट बसली की आतली टाकीची रबरी रिंग दाबली जाते आणि पाणी टाकीतच राहतं. ती सैल बसली की काय होतं, ते माझ्या पदराला कळलंच होतं.

आता ती सैल बसली यात तसं कुणाचंच चुकलं नव्हतं. साचा करणाऱ्यांचा एक नियमच आहे. पोलादातून घासून काढता येतं, पुन्हा घालता येत नाही. म्हणून पहिल्या खेपेला थोडं राखूनच कापायचं आणि नमुना बघून मग हलक्या हातानं घासायचं. दोघांनीही राखून कापलं होतं, त्यामुळे जीभ थोडी बारीक आणि खाच थोडी रुंद आली होती. उपायही सोपा होता. ह्यांनी आपल्या साच्यातली जिभेची चीर थोडी रुंद केली असती तर जीभ जाड झाली असती. नाहीतर आनंदानं आपल्या साच्यातला खाच पाडणारा उंच कंगोरा थोडा घासला असता तर खाच अरुंद झाली असती. दोघांपैकी एकानं अर्ध्या दिवसाचं काम करायचं, बस्स.

"तुझ्या भावानं करावं," हे म्हणाले. "मी मोठा हाय."

"दाजींनी करावं," आनंदा म्हणाला. "मोठं हाय नव्हं?"

ओसवालशेठ बुधवारी नमुना बघायला येणार होते. सोमवारी आमची सुट्टी. रविवारी शेड बंद करताना मी दोघांनाही हात जोडून सांगितलं की बाबांनो, कुणीतरी एकानं मागं सरा. दोघांनीही आपापल्या बाजूचे दिवे बंद केले. सोमवारी सकाळी हे म्हणाले, पायताणाला टाच मारून आणतो, आणि दुपारपर्यंत आले नाहीत. हे घरी आल्यावर मी आनंदाच्या घरी फोन केला, तर त्याची बायको म्हणाली की तो आत्ताच नदीवर पोहायला गेलाय. थंडीच्या दिवसांत आनंदा नदीवर कशाला जाईल, असं मला वाटलं खरं, पण दोघांपासून एक दिवस सुटका मिळालीय तर कशाला उकरून काढा, म्हणून मी गप्प बसले.

मंगळवारी सकाळी शेडमध्ये पाऊल टाकते तर माझ्या टेबलावर डाव्या बाजूला लालभडक डावी अंगं रचून ठेवलेली. त्यांच्या पलीकडे उजव्या बाजूला निळीशार उजवी अंगं. आधीचे नमुने पिवळे होते. तेव्हा मशीनमध्ये किटलीच्या टोपणांचं पिवळं प्लास्टिक शिल्लक होतं ना. आता ह्यांच्याकडे लाल होतं, आनंदाकडे निळं.

हे कॉम्प्रेसरच्या आडून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चीर रुंद केली मी. जीभ जाड झालीया. आता बसंल. पण त्येला सांगू नकोस, डोक्यावर बसंल."

मला इतका आनंद झाला म्हणता! माझा माणूस मागं सरला होता. हे वळले नाहीत तोवर आनंदा दुसऱ्या बाजूनं आला.

"अक्का, कंगोरा घासला मी. खाच अरुंद झालीया. आता टच्च बसंल. पण दाजींना बोलू नको हां. म्हणतील, बघ, चूक कुणाची हुती."

माझा आनंद जिथल्या तिथं थिजला. मी लाल अंग उचललं, निळं उचललं आणि एकमेकांवर दाबलं. बसेना. तळहातानं दाबलं, बसेना. हौसाबाईनं रबरी हातोडी घेऊन दोन ठोके दिले, तर अंगं टेबलावरून उडून खाली पडली. जीभ जाड झाली होती आणि खाच अरुंद झाली होती. इतके महिने एक इंच न हटलेली दोन माणसं एकाच दिवशी, एकमेकांना न सांगता हटली होती, आणि सगळ्याचा सत्यानाश झाला होता.

"आता भरा साचं," हौसाबाई म्हणाली. साचा भरणं म्हणजे घासलेल्या जागी वेल्डिंगनं पोलाद चढवायचं, ते थंड होऊ द्यायचं आणि मिलिंगवर घालून पुन्हा पहिल्यापासून कापायचं. दहा-बारा दिवसांची निश्चिंती. शिवाय भरलेला साचा म्हणजे कारागिराला आपल्या अंगावरचं ठिगळच वाटतं.

मी डोक्याला हात लावून बसले असतानाच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"ताई!" ओसवालशेठ दारातूनच ओरडले. "उद्या येणार हुतो, पण जयसिंगपुरासनं परत निघालोय. म्हटलं वाटंवर हाय, तर बघून जावं. तयार हाय नव्हं?"

"तयार हाय की," मी म्हटलं. काय तयार आहे, ते मला ठाऊक नव्हतं. "चहा घ्या तोवर."

चहा होईपर्यंत मी टेबलाकडे बघत राहिले. लाल अंग निळ्यात बसत नाही. पण पिवळं? जुनं पिवळं डावं अंग बारीक जिभेचं होतं. ते आनंदाच्या अरुंद खाचेत बसलं पाहिजे. आणि ह्यांची जाड जीभ जुन्या रुंद खाचेत बसली पाहिजे. एक जुनं आणि एक नवं. मला एवढं सुचलं आणि मग आठवलं की पिवळे नमुने भंगाराच्या पिंपात आहेत, दळून पुन्हा वापरायला.

"हौसाबाई, पिंप पालथं करा!"

हौसाबाईनं चालू चहा सोडून पिंप पालथं केलं. दोघींनी मिळून पिवळी अंगं वेचली. एक पिवळं डावं, त्यावर निळं उजवं. टच्च. एक लाल डावं, त्यावर पिवळं उजवं. टच्च. मी मोटारी बसवल्या, चाक्या बसवल्या, दांडा, दट्ट्या, टाकी, रिंग, सेलची पेटी. हौसाबाई स्क्रू मारत सुटली. शेठचा चहा गार व्हायच्या आत दोन पिचकाऱ्या उभ्या राहिल्या. एक पिवळी-निळी आणि एक लाल-पिवळी.

"वा वा!" शेठ म्हणाले. "दोन-दोन रंग? हे लई भारी सुचलं तुमास्नी! परदेशी बंदुकीला एकच रंग असतो बघा."

"आम्ही लई इचार केला त्याच्यावर," मी म्हटलं.

हे आणि आनंदा आपापल्या बाजूनं बाहेर अंगणात आले होते. आपापल्या मनातून दोघंही खूश दिसत होते. दोघांनाही वाटत होतं की आपल्यामुळे सांधा बसला. दुसऱ्याच्या नव्या मालाकडे बघायची आमच्याकडे पद्धतच राहिली नव्हती.

शेठनी पिवळी-निळी पिचकारी कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकली. फुटली नाही. बादलीत बुडवली, हलवली, वर काढली. सांध्यातून थेंब नाही. मग टाकी भरली आणि म्हणाले, "आता लांबी बघायची. समोर भिंतीपाशी कोण उभं ऱ्हातंय?"

"मी," हे म्हणाले.

"मी," आनंदा म्हणाला.

दोघं निघाले आणि भिंतीशी शेजारी-शेजारी जाऊन उभे राहिले. महिनोन्‌महिने एवढे जवळ उभे राहिले नव्हते. शेठनी घोडा दाबला. मोटार गुरगुरली, आणि अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लखलखीत धार गेली ती थेट ह्यांच्या छातीवर. हे हलले नाहीत. डोळे बारीक करून पिचकारीकडेच बघत होते. माणसाचं घर जळत असलं तरी कारागीर आधी सांधा बघतो.

"डावं अंग पिवळं," ते पुटपुटले. "हे माझं जुनं हाय. जुन्या जिभेवर सांधा कसा बसला?" मग त्यांची नजर निळ्या अंगावर गेली. ते वळले आणि खंडेनवमीनंतर पहिल्यांदा सरळ आनंदाच्या तोंडाकडे बघून बोलले.

"तू कंगोरा घासलास?"

आनंदा एकदम उत्तर देऊ शकला नाही, कारण तोवर शेठनी धार त्याच्याकडे वळवली होती. त्यानं तोंडावरचं पाणी निपटलं. माझ्या हातातली दुसरी, लाल-पिवळी पिचकारी त्याला दिसली.

"आणि ते लाल? दाजी, तुम्ही चीर रुंद केली?"

"मला कोण इचारतंय? तुला कुणी सांगितलं घासायला?"

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"मी मोठा हाय! मी करणार हुतो!"

"मग आधी सांगायचं नव्हं का? एक शब्द सांगायला काय हुतंय?"

"सांगायला तू बोलतोस का माझ्यासंगं?"

"तुम्ही बोलता का?"

"आता कोण बोलतंय मग? तुझा बा?"

"माझा बा तुमास्नीच सांगून गेलाय, पोराला संभाळा म्हणून! असं संभाळत्यात व्हय? दोन इताची माळ घालून?"

"अरे, माळंचं काय घेऊन बसलायस? चांगला साचा नासवून ठेवलास!"

"मी माझा नासवलाय! तुमचा तुम्ही नासवलाय!"

असं दोघं भांडत होते आणि शेठ एकदा ह्यांच्यावर आणि एकदा त्याच्यावर, जो बोलेल त्याच्यावर, धार सोडत होते. टाकी संपली की हौसाबाई बादलीतून भरून देत होती. एक पिचकारी खाली ठेवली की शेठ दुसरी घेत होते. साठीचे गृहस्थ ते, पण चेहऱ्यावर असं हसू होतं की त्यांना थांबवायचं माझ्या जिवावर आलं. ह्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता, आनंदाच्या केसांतून पाणी निथळत होतं, आणि दोघांनाही भिजल्याचा पत्ता नव्हता. मी दाराला टेकून उभी होते. पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं मला. असं भांडण ऐकून किती महिने झाले होते!

सेल पार उतरले तेव्हा शेठ थांबले. "एवढा वेळ चालली," ते दम खात म्हणाले. "परदेशी बंदूक हिच्या निम्म्या वेळात गळती बघा. ताई, ऑर्डर पक्की. दोन रंगांतच पायजे. साचं तयार हायत नव्हं? कधी माल सोडताय?"

दोघांचं भांडण तिथंच तुटलं. साचे तयार नव्हते. पिवळ्या अंगांवर दोन नमुने निघाले, ऑर्डर निघणार नव्हती. एक साचा जसा होता तसा राहिला असता तर काम झालं असतं. आता एकाला भरून पूर्वीसारखा करणं भाग होतं.

"माझा साचा भरतो," हे म्हणाले. "चूक माझी हाय. मी मोठा असून बोललो न्हाई."

"दाजी, तुमचा न्हाई. माझा भरा."

"तू गप्प बस. माझं मिलिंग हाय, माझं वेल्डिंग हाय, मी माझाच भरणार."

मला ह्या दोघांचा स्वभाव ठाऊक. आत्ता हे सोडून दिलं असतं तर उद्या सकाळपर्यंत दोघांनीही आपापला साचा भरून ठेवला असता आणि पिचकारी पुन्हा माझ्या पदरावर गळली असती. मी आत गेले, ह्यांच्या मशीनजवळ डाव्या अंगाचा साचा जमिनीवर होता, त्यावर सरळ मांडी घालून बसले.

"ह्या साच्याला कुणी हात लावायचा न्हाई," मी म्हटलं. "लावायचा तर आधी मला उचला."

हे मला उचलतील असं मला वाटलं नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ते जमणारही नव्हतं. ते ओल्या कपड्यांनिशी माझ्यासमोर उभे राहिले. तेवढ्यात मागून चाकांचा खडखडाट आला. आनंदानं आपला साचा साखळीनं उचलून गाड्यावर घेतला होता. तो गाडा ढकलत माझ्या टेबलाच्या बाजूनं आला, कॉम्प्रेसर ओलांडला आणि थेट मिलिंग मशीनपाशी आणून त्यानं तो ह्यांच्या टेबलाला भिडवला.

मला कळायला एक क्षण लागला. ह्यांचा साचा भरला असता तर आनंदाचा मोकळा राहिला असता, केव्हाही मशीनबरोबर ट्रकात टाकण्यासारखा. ज्याला सिल्वासाला जायचं असतं, तो आपला साचा उघडून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवत नाही. तोंडानं सांगायची त्याची पद्धत नव्हती. ती ह्यांचीही नव्हती. ह्यांनी साच्यावरून हात फिरवला, घासलेला कंगोरा अंगठ्यानं चाचपला.

"हात चांगला चाललाय," ते म्हणाले. "सरळ घासलंयस." मग खाली बघतच विचारलं, "भरायला येळ लागंल. घाई हाय का तुला?"

"मला कसली घाई, दाजी?" आनंदा म्हणाला. "तुमी सावकाश भरा."

"अहो, सावकाश काय?" ओसवालशेठ दारातून ओरडले. "घाई मला हाय! रंगपंचमी माझ्यासाठी थांबणार हाय व्हय?"

त्यांचं कुणी ऐकलं नाही. हे दोघं साच्यावर वाकून कुठून वेल्डिंग सुरू करायचं ते एकमेकांना दाखवत होते. मी त्या दुसऱ्या साच्यावर बसल्या-बसल्या रडायला लागले.

शेठ घाबरून पुढं आले. "ताई, रडताय कशाला? ऑर्डर दिली न्हाई का?"

"दिली की," मी डोळे पुसत म्हटलं. "म्हणूनच रडू आलं."